कावळा वगळलेलं पत्र

'पैल तो गे काऊ कोकताहे' ही ज्ञानदेवांची विरहिणी, म्हणजे विरहातल्या बाईच्या तोंडचा अभंग, मी पहिल्यांदा नीट ऐकली ती कोल्हापुरात, हॉस्टेलच्या खोलीत, १९९१ च्या पावसाळ्यात. खोलीतल्या मित्राकडे टेपरेकॉर्डर होता आणि घरून आणलेल्या चार-पाच कॅसेटी. हृदयनाथ मंगेशकरांची चाल, लताबाईंचा आवाज. त्याआधी रेडिओवर ते कानावर पडलं नव्हतं असं नाही, पण सकाळच्या घाईत अर्धवट. तेव्हा 'तोगे' हा एकच शब्द आहे असं मी धरून चाललो होतो आणि त्याचा अर्थ विचारावा असं कधी वाटलं नव्हतं.

त्या दिवशी बाहेर धो धो पाऊस होता, मेसला जायची सोय नव्हती. मित्र म्हणाला, 'अरे, ते पैल, तो, गे असं आहे.' पैल म्हणजे पलीकडे. तो म्हणजे तो कावळा. आणि गे म्हणजे अगं. तीन सुटे शब्द. एक बाई दारात उभी आहे, शेजारी तिची मैत्रीण असेल, आई असेल, आणि ती बोट दाखवून सांगते आहे, 'पलीकडे बघ गं, तो.' शब्द सुटे झाले आणि मला समोर आमचं अंगण दिसलं. बोट आजीचं होतं.

आमचं गाव कणकवलीपासून आत, गडनदीच्या काठानं गेलं की लागतं. सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा नुकता रत्नागिरीपासून वेगळा झाला होता. घरात आजी, आईवडील, मी आणि धाकटी बहीण. थोरले काका मुंबईला, लालबागला, गिरणीत. ते गणपतीला यायचे आणि शिमग्यालाही जमलं तर यायचे. चाकरमानी येणार म्हटलं की घराचा नूर पालटायचा. अंगण सारवलं जायचं, माळ्यावरचे जादा टोप खाली यायचे, आणि आजी दोन दोन दिवस आधीपासून कावळ्याकडे कान लावून बसायची. परसातल्या आंब्यावर कावळा बसून ओरडला की ती हातातलं काम टाकून बाहेर यायची. 'कावळो वरडता. कोण तरी येतला.' ते कोण तरी म्हणजे कोण, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. आमच्या वाडीतले तीन-चार जण त्याच उन्हाळ्यात गावी परत आले, शेतीला लागले. संप मिटला की जाऊ म्हणत राहिले, आणि तो मिटला असं कोणी कधी धड म्हणालंच नाही. काका मात्र आले नाहीत. त्या गणपतीला नाहीत, पुढच्या गणपतीला नाहीत. सुरुवातीला त्यांची पत्रं यायची, मग तीही विरळ झाली. कोणाच्या तरी तोंडून कळलं की कुठे वॉचमनचं काम धरलंय. आजीनं त्यावर काही म्हटलं नाही. ती कावळ्याला भात घालत राहिली.

आणि पत्रं पाठवत राहिली. आजीला लिहिता येत नव्हतं. वडील कामावरून दमून यायचे, आईला वेळ नसायचा, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी दहा वर्षांचा, अक्षर चांगलं, शाळेत पत्रलेखनाला पैकीच्या पैकी गुण. रविवारी जेवणं झाली की आजी ओटीवर यायची, पदराच्या गाठीतून पोस्टकार्डाचे पैसे काढून द्यायची. मी पोस्टातून कार्ड घेऊन आलो की ती भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून सांगायला लागायची.

ती जे सांगायची ते पत्र नव्हतंच, निदान मला तसं वाटायचं. ती बोलायची. मधेच काकांना रागवायची, मधेच फणसाला किती फळं धरली ते सांगायची. आणि दर वेळी, न चुकता, कावळा. 'कावळो रोज वरडता असां लिव.' मला त्याची लाज वाटायची. मुंबईच्या माणसाला लिहिलेल्या पत्रात कावळा कसा घालायचा? आमच्या गुरुजींनी शिकवलेल्या नमुन्यात मायना होता, 'पत्रास कारण की' होतं, 'इकडील सर्व क्षेम' होतं. कावळ्याला जागा नव्हती. मी मान डोलवत ऐकायचो आणि माझ्या शुद्ध मराठीत लिहायचो. चिरंजीवास अनेक आशीर्वाद. इकडील सर्व क्षेम असून तुमचे कुशल कळवावे. पाऊस बरा आहे. गणपतीस येण्याचे करावे. शेवटी थोडी जागा उरली की माझ्या मनानं एक ओळ घालायचो, येताना मला कंपासपेटी आणावी. कधी बहिणीसाठी बाहुली.

लिहून झालं की आजी म्हणायची, 'वाच.' मी वाचायचो. ती शांतपणे ऐकून घ्यायची. तिला फरक कळत नसेल असं मला तेव्हा वाटायचं. आज तसं वाटत नाही. शिकलेल्या नातवानं लिहिलंय म्हणजे तेच बरोबर असणार, असं तिनं मनाशी मानून घेतलं असावं.

हे सगळं मी विसरून गेलो होतो. हॉस्टेलच्या खोलीत शब्द सुटे झाले तेव्हा ते परत आलं.

त्यानंतर ती विरहिणी मी इतक्या वेळा ऐकली की मित्राची कॅसेट खरखरायला लागली. आणि जितकं ऐकावं तितकं मला त्या बाईचं मन अधिकाधिक कळत गेलं. बघा, ती कावळ्याला काय काय देऊ करते. आधी म्हणते, 'उड उड रे काऊ, तुझे सोन्याने मढवीन पाऊ.' कावळ्याच्या पायांना सोनं. हे तिच्याजवळ नाही. माणूस अगदी काकुळतीला आला की नसलेलं देऊ करतो, तसं ते आहे. मग पुढच्या कडव्यात ती भानावर येते आणि स्वयंपाकघरात जाते. 'दहिभाताची उंडी लावीन तुझे तोंडी.' हे घरात आहे, हे ती आत्ता देऊ शकते. मग दुधानं भरलेली वाटी. आणि वाटी पुढे करताना तिच्या तोंडून निघून जातं, 'सत्य सांगे गोठी, विठू येईल कायी?' खरं सांग. म्हणजे एवढा वेळ चाललेल्या शकुनावर तिचाही पुरता विश्वास नाही. तिला धीराचं बोलणं ऐकायचं नाही, खरं ऐकायचंय. मला ही ओळ साऱ्या अभंगात सर्वांत धीट वाटते. शेवटी तर ती त्याला आंब्याच्या डहाळीवरची रसाळ फळं चाखायला सांगते, तिथे बस, पण आजच्या आज शकुन सांग. सोन्यापासून सुरू झालेली ती शेवटी झाडावरच्या फळापर्यंत आली, जे कावळ्याला तिच्याशिवायही मिळालं असतं. तिच्याजवळचं देण्यासारखं संपलंय.

आणि विठू येत नाही. हे मला फार उशिरा लक्षात आलं, बहुधा शंभराव्यांदा ऐकताना. गाण्याचा सूर इतका आशेचा आहे की तो आला असंच आपण धरून चालतो. प्रत्यक्षात शेवटच्या चरणात ज्ञानदेव एवढंच म्हणतात की ही खूण ओळखा, पंढरीचा राणा भेटेल असं शकुन सांगतो आहे. भेटला असं नाही. कावळाही साऱ्या अभंगात एक शब्द बोलत नाही. बोलते ती एकटी.

लताबाईंनी ते गायलंय त्यात रडणं अजिबात नाही, आर्जव आहे. रोजचं काम करता करता केलेलं आर्जव. वाट पाहण्याची सवय झालेल्या बायकांचा आवाज असाच असतो. तो चढत नाही, कारण उद्याही तेच म्हणायचं असतं.

या अभंगाचा परमार्थ मला सांगता येणार नाही. जीव आणि शिव, भक्ताची तळमळ, हे जाणत्यांनी सांगितलेलं आहेच. माझं मन अडकतं ते एका साध्या गोष्टीशी. ज्ञानदेवांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली तेव्हा त्यांचं वय परंपरा एकवीस सांगते. म्हणजे विशीतल्या, संन्याशाचं पोर म्हणून हिणवल्या गेलेल्या, स्वतःचं घर न मांडलेल्या मुलानं हे लिहिलं. त्याला दारात उभ्या राहणाऱ्या बाईचं बोलणं इतकं कसं ऐकू आलं? 'पैल तो गे' ही काय ग्रंथाची भाषा आहे? ही ओटीवरची भाषा आहे. त्यानं ती तशीच उतरवली. सोन्याच्या पायांचा वेडेपणा ठेवला, दहिभात ठेवला, दुधाची वाटी ठेवली. कावळा वगळला नाही.

तेव्हापासून मला वाटत आलंय की मोठा कवी म्हणजे आधी चांगला लेखनिक. बहिणाबाई चौधरींचंही तसंच झालं. त्या निरक्षर. जात्यावर, शेतात गाणी सुचायची, आणि मुलगा सोपानदेव यांच्यासारख्या घरच्या माणसांनी ती टिपून ठेवली. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या आणि पुढच्या वर्षी, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह, ती गाणी पुस्तकरूपानं आली. 'अरे संसार संसार' आज कोणाच्याही ओठांवर असतं, ते या टिपणाऱ्या हातांमुळे. सोपानदेव स्वतः कवी, नागर मराठीत लिहिणारे. आईची बोली 'सुधारून' घ्यायचा मोह त्यांना सहज झाला असता. त्यांनी 'चुल्हा' चुल्हाच ठेवला. मी त्यांच्या जागी असतो तर काय केलं असतं हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण मी ते केलेलं आहे.

माझ्या आवडीची बाकीची गाणी आठवून पाहिली तर एक सोडून त्या सगळ्यांत कोणी तरी कोणाची तरी वाट पाहतंय. हे मी ठरवून निवडलेलं नाही. शांताबाई शेळक्यांचं, आशाबाईंनी गायलेलं 'जिवलगा, राहिले रे दूर घर माझे' घ्या. इथे जिची वाट पाहिली जाते आहे तीच बोलते आहे. पाय थकलेले, डोक्यावरचं ओझं जड, आणि घर लांब. कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर करत एसटी फोंडाघाट उतरायला लागायची तेव्हा बहुतेक वेळा दिवेलागण झालेली असायची. खाली कोकण अंधारात बुडत चाललेलं. त्या वळणांवर हे गाणं माझ्या मनात आपसूक सुरू व्हायचं, आणि मला माझ्याऐवजी काका दिसायचे. वाट पाहणाऱ्याचं दुःख घरातल्या सगळ्यांना दिसतं, त्याला दारात पाणी दिलं जातं. न येणाऱ्याचं दुःख कोणाला दिसत नाही. त्याच्या डोक्यावर काय आहे हे घाटाच्या खालच्यांना कळत नाही.

'तोच चंद्रमा नभात' हेही शांताबाईंचंच. त्यामागे एक जुना संस्कृत श्लोक आहे. तिथे प्रियकर तोच, चैत्रातल्या रात्री त्याच, सगळं जवळ आहे, तरी नायिकेचं मन रेवेच्या, म्हणजे नर्मदेच्या, काठावरच्या पूर्वीच्या भेटींसाठी ओढ घेतं. शांताबाईंनी हे मराठीत आणताना त्या ओढीलाच हात घातला. चंद्र आहे, रात्र आहे, माणूसही शेजारी आहे, आणि आता सूर जुळत नाहीत. माझ्या आवडत्या गाण्यांत एवढं एकच असं आहे की ज्यात कोणी कोणाची वाट पाहत नाही. ते मला सगळ्यांत जास्त दुःखाचं वाटतं.

आणि भा. रा. तांबे यांचं 'घन तमी शुक्र बघ राज्य करी'. तेही लताबाईंच्याच आवाजात, हृदयनाथांच्याच चालीत. मी ते अनेक वर्षं अंधारातल्या धीराचं गाणं म्हणून ऐकत होतो. परीक्षेच्या आदल्या रात्री ऐकायचो. कवितेच्या शेवटाकडे लक्ष गेलं ते आजी गेली त्यानंतर. मना, मरणाला का भितोस, असं विचारून तांबे म्हणतात, 'आई पाहे वाट रे मना, पसरोनी बाहु कवळण्या उरी.' मरणाच्या दारातही त्यांना आई उभी दिसली. पलीकडे कोणी आपली वाट पाहत असेल ही कल्पना मी त्याआधी कधी केली नव्हती.

आजी २००१ च्या वैशाखात गेली. कोकण रेल्वे सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. काकांना निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते आले. एकोणीस वर्षांनी. स्टेशनवर मी त्यांना घ्यायला गेलो, ओळखलं ते चालण्यावरून, वडिलांसारखं एक खांदा खाली टाकून चालत होते. हातात एक कापडी पिशवी, बाकी काही नाही.

दहाव्याला आम्ही सगळे नदीवर गेलो. काका थोरले, तेच क्रियेला बसले होते. भटजींनी पिंड मांडायला सांगितले, शेजारी केळीच्या पानावर दहिभात. मग सगळे मागे सरकले आणि नदीपलीकडच्या झाडांकडे बघायला लागले. अशा वेळी पुरुषमाणसंही हात जोडून कावळ्याला ये ये म्हणतात. मी ते आधीही पाहिलं होतं. पण त्या दिवशी काका पानाकडे बघत पुटपुटायला लागले आणि माझ्या डोक्यात ते गाणं सुरू झालं. मला ते थांबवता येईना. तोच कावळा, तोच दहिभात, तेच आर्जव. फक्त आर्जव करणारा तो होता, ज्याच्यासाठी एवढी वर्षं ते केलं गेलं होतं. गाण्यात आधी कावळा येतो आणि पाहुणा यायचा राहतो. इथे पाहुणा आधी येऊन बसला होता.

कावळा लगेच आला. दोन मिनिटंही लागली नाहीत. सरळ पिंडाला शिवला, घास घेऊन उडाला. मागे कोणी तरी म्हणालं, 'म्हातारेक झील गावलो.' म्हातारीला मुलगा सापडला. सगळ्यांना बरं वाटलं. मला तिथे उभं राहवेना, मी पाय धुवायच्या निमित्तानं पाण्यात उतरलो.

रात्री ओटीवर मी आणि काका दोघंच जागे होतो. पाऊस अजून आला नव्हता, हवा कोंडलेली. काकांनी ती कापडी पिशवी जवळ ओढली आणि आतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक गठ्ठा काढला. पोस्टकार्डं. पिवळी पडलेली, कडा मऊ झालेल्या. 'आयेची पत्रां,' म्हणाले. चुली बदलल्या, खोल्या बदलल्या, ती मात्र त्यांनी टाकली नव्हती. मी एकेक हातात घेतलं. सगळीकडे माझं अक्षर. सुंदर, वळणदार, पैकीच्या पैकी गुणांचं. इकडील सर्व क्षेम. येण्याचे करावे. येताना कंपासपेटी आणावी. येताना बाहुली आणावी. येताना, येताना.

काका बाहेर अंधारात बघत म्हणाले, 'रिकाम्या हातान कसो येव रे?'

मी बराच वेळ काही बोललो नाही. मग त्यांना सांगितलं. की ही पत्रं आजीची नाहीत. म्हणजे तिची आहेत, पण तिनं जे सांगितलं ते यात नाही, ते मी लिहिलं नाही. येताना आणायचं, आमच्या बोलीत हाडायचं, ते सगळं माझं. काकांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. पाणी मागावं तशा आवाजात विचारलं, 'तिना काय लिवक सांगल्यान?'

मला वाटलं होतं आठवणार नाही. अठरा वर्षं झाली होती. पण डोळे मिटून भिंतीला पाठ टेकली आणि तिच्याच बोलीत, तिच्याच क्रमानं सगळं येत गेलं. फणस, पाऊस, गाय व्याली ते, वाडीत कोण आलं ते. काका मधे एकदाही बोलले नाहीत. आणि शेवटी ती नेहमी जे सांगायची ते.

'कावळो रोज वरडता असां लिव. मी तेका भात घालतंय. तो खाता नि उडान जाता, कायच सांगना नाय. आता तूच सांग, कधी येतलस? काय हाडू नको. नुसतो ये.'